मनकर्णाबाईंची खळ

नंदिनी हेडाऊच्या पेपरवर मी लाल शाईनं लिहिलेलं वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. लिहिलं तेव्हा त्या वाक्यावर मी फार खूश होते, म्हणून तर तोंडपाठ आहे.

पाचपावलीतल्या एका शाळेत मी चोवीस वर्षं विज्ञान शिकवते. नाव मयुरा खोब्रागडे. मुलं पाठीमागे मला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिश्रणांचा धडा आला की मी पुस्तक बाजूला ठेवते आणि दोन तास जास्तीचे घेते, कारण त्या धड्यातली सगळ्यात कामाची गोष्ट पुस्तकात दोन ओळींत उरकली आहे असं माझं मत आहे. रस्त्यावरची धूळ हेही मिश्रण आणि टूथपेस्ट हेही मिश्रण. पण धूळ कुणी ठरवून केलेली नसते. टूथपेस्टमध्ये मात्र घासायला एक पदार्थ असतो, फेसाला दुसरा, ती वाळू नये म्हणून तिसरा, आणि प्रत्येक पदार्थ मोजून घातलेला असतो. भिंतीचा रंग तसाच, खोकल्याचं औषधही तसंच. अशा ठरवून केलेल्या मिश्रणाला फॉर्म्युलेशन म्हणायचं. मग मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिते: कशासाठी? कोण काय काम करतं? किती? आणि खडू आपटून सांगते की तिसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिली दोन पाण्यात गेली.

दिवाळीनंतरच्या चाचणीत मी विचारलं होतं, घरातल्या एका फॉर्म्युलेशनचं उदाहरण द्या. नववीतल्या अठ्ठेचाळीस मुलांपैकी एकेचाळीस जणांनी टूथपेस्ट लिहिली. नंदिनीनं लिहिलं, खळ. कशासाठी? मागावर उभं सूत तुटू नये म्हणून. कोण काय करतं? तांदळाची पेज सुताला चिकटून बळ देते, खोबरेल तेल त्याला मऊ ठेवतं, मोरचूद बुरशी येऊ देत नाही. इथपर्यंत मी कौतुकानं वाचत होते. किती? ‘आजीच्या हाताला वाटेल तितकं.’

मी शून्य दिलं आणि शेजारी लिहिलं, ‘प्रमाण नाही तिथे फॉर्म्युलेशन नाही. हे नुसतं मिश्रण आहे.’

पेपर वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. ठेंगणी, काटक, कपाळावर गोंदण, हातात फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा.

“नंदिनीची मॅडम तुमीच ना वं?”

“हो. या, बसा.”

“बसाले नाही आली. हे पाहा.” तिनं डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत पांढरट, दाट पेज होती आणि वाफ निघत होती. “ह्याले नुसतं काहून म्हनलं?”

मुलांच्या पालकांशी भांडायची मला सवय आहे. आजीशी भांडायची नव्हती. मी समजावून सांगू लागले की मोजमाप नसेल तर तीच वस्तू दुसऱ्यांदा तशीच करता येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पन्नास वर्सं तशीच करून राहिली मी. रोज तशीच. मंग?” असं म्हणून त्यांनी दाखवायला उजव्या हाताची बोटं डब्यात घातली, अंगठ्यानं खळ चोळली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी ओरडलेच. खळ इतकी गरम होती की डब्याला हात लावता येत नव्हता, आणि ही बाई त्यात बोटं बुडवून माझ्याशी बोलत होती. मी मनगट धरून हात बाहेर ओढला, नळाखाली धरला. बोटांची टोकं लाल झाली होती. जुने भाजल्याचे डागही होते, एकावर एक. त्यांनी घाईघाईनं हात पदराखाली घेतला, आणि तेव्हा त्या बसल्या.

“शुगर आहे मले,” त्या म्हणाल्या. “बोटं मेली वं मॅडम. दोन वर्सं झाली. घरी कोनाले सांगतलं नाही.”

मनकर्णाबाई हेडाऊ मूळच्या खाप्याच्या. कन्हान नदीच्या काठच्या विणकराच्या घरी जन्मल्या, सतराव्या वर्षी लग्न होऊन नागपुरात तांडापेठेत आल्या. सासरी तेव्हा पाच माग होते. विणायचे पुरुष आणि सासू. मनकर्णाबाईंच्या वाट्याला खळ आली आणि खळीबरोबर पांजण. मागावर चढवण्याआधी उभं सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधायचं, त्याला खळ लावायची आणि लांब कुंच्यानं विंचरून वाळवायचं, म्हणजे पांजण. पहाटे पांजण ताणली की गल्लीतून कुणी जात नाही. स्कूटर ढकलत मागच्या बोळातून न्यायची. दूधवाला वाकून खालून येतो. एकदा एका नवरदेवाची घोडी तासभर थांबली होती आणि घोडीवाल्यानंही तक्रार केली नव्हती, असं मनकर्णाबाई सांगतात. घोडीवाल्याबद्दल मला थोडी शंका आहे.

त्यांची खळ अशी होती की गल्लीतले बाकीचे विणकर आपापली खळ शिजली की त्यांना बोलवायला येत, “मनकर्णाबाई, जरा बोट घालून जा.” त्या जाऊन बोट घालत, चोळत, आणि सांगत, चमचाभर तेल टाक, किंवा पळीभर पाणी. बस. त्यावर घरातलं कुणी दुसरं बोलत नसे. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. मुलगा अंकुश कामठीच्या रस्त्यावर शेअर ऑटो चालवतो. मागावर त्याचा जीव कधी रमला नाही. पाचाचे दोन माग उरले. ते चालवते सून, दिपाली. तिचा हात चांगला आहे, तिच्या साड्या धरमपेठेत दुकान असलेल्या प्रीतीताई घेतात आणि आणखी मागतात.

पण पांजण बिघडू लागली होती. श्रावणात एक, दसऱ्याच्या आधी एक. एकदा खळ इतकी घट्ट की धागे एकमेकांना चिकटले, एकदा इतकी पातळ की मागावर दर वीतभर सूत तुटायचं. प्रीतीताईंच्या दोन साड्या परत आल्या. गल्लीतल्या लोकांनी बोट घालायला बोलावणं बंद केलं, कारण कुणी न सांगताही त्यांना कळलं होतं. आणि दिपालीनं घरात सांगून टाकलं होतं की अजून एक पांजण पाहायची, ती गेली तर माग मोडीत द्यायचे. हिंगण्याला पॅकिंगचं काम मिळत होतं.

“दिपालीनं खळ नाही शिकली का?” मी विचारलं.

“शिकवली ना. मी म्हनलं मूठभर पीठ. तिनं तिची मूठ टाकली. मी म्हनलं बोटाले असं लागलं पायजे. तिनं इचारलं, असं म्हंजे कसं? आता सांगू कसं वं मी, कसं?” त्यांनी तो भाजलेला हात पदराखालून काढून माझ्यासमोर धरला. “तुमी पोट्टीले म्हनलं, प्रमाण पायजे. मले बी तेच पायजे. माह्या हाताचं प्रमाण काढून द्या. म्हंजे माह्या मागून माग मोडाचा नाही कोनी.”

भांडायला आल्यासारखं करून बाई हे मागायला आली होती. मला लाज वाटली. स्पष्ट सांगते, माझ्या त्या लाल वाक्याची लाज वाटली.

रविवारी मी शाळेचा तराजू, मोजपात्र, नरसाळं, थर्मामीटर पिशवीत घालून तांडापेठेत गेले. दिपाली दारातच भेटली. तिशी-पस्तिशीची, केस वर बांधलेले, बोलणं तुटक. पिशवीत डोकावून म्हणाली, “मॅडम, सासूबाई तराजूत बसते का?”

मी म्हटलं, बसेल. फार सोपं वाटलं होतं मला. सासूबाईंनी मूठ भरायची, मी वजन करायचं. त्यांनी सात वेळा पिठाची मूठ भरली. एकदा बावन्न ग्रॅम, एकदा एक्क्याहत्तर, एकदा अठ्ठेचाळीस. बोटांना पीठच कळत नव्हतं, तर ती मिटणार किती आणि उघडणार किती? मनकर्णाबाईंना आकडे वाचता येतात. सातव्या मुठीनंतर त्या तराजूकडे पाहतच राहिल्या.

“हे माही मूठ नोहे,” त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

त्या दिवशी काम झालं नाही. मला रात्रभर चैन पडलं नाही, आणि मी तशी झोपेची पक्की आहे. जे प्रमाण मोजायला गेले होते, ते मोजायची वेळ दोन वर्षांपूर्वीच निघून गेली होती.

उपाय सापडला तो त्यांच्याच सवयीतून. पुढच्या रविवारी मी नुसती चहाला म्हणून गेले होते. दिपालीच्या मागावर धागा तुटला आणि मनकर्णाबाईंनी तो जोडता जोडता सहज ओठांत धरला. विणकरबायका धरतातच. धरला आणि लगेच म्हणाल्या, “हे सूत कोरडं आहे वं.”

“कशावरून?”

“ओठाले लागते ना.”

बोटं गेली होती, पण ओठ शाबूत होते! मग मी कामाला लागले. पाच छोटी पातेली, एक लिटर पाणी प्रत्येकात, पीठ पन्नास ग्रॅमपासून नव्वदपर्यंत. मोरचूद विषारी, म्हणून चाचणीच्या खळीत ते मी घालू दिलं नाही. तसंही बुरशी अडवणं हे त्याचं काम, आणि दोन दिवसांच्या चाचणीत बुरशीचा काय संबंध? पाच लडी खळीत बुडवून, वाळवून, नंबर घालून ठेवल्या. मनकर्णाबाई डोळे मिटून बसल्या. मी एकेक धागा त्यांच्या खालच्या ओठावरून ओढायची आणि त्या सांगायच्या: “हे टोचते.” “हे मेलेलं आहे.” “हे... थांबा. परत ओढा.” परत ओढला. “हे जवळ आलं. अजून जरा मऊ पायजे.” मग तेल बदलून पुन्हा पाच पातेली. असे चार रविवार गेले. मी क्रम मुद्दाम उलटासुलटा करून फसवून पाहिलं. चार वेळा फसवलं, चारही वेळा त्यांनी तीच लडी उचलली. माझ्या नोकरीत मी इतका भरवशाचा प्रयोग पाहिला नव्हता.

शेवटी उत्तर आलं. लिटरला सत्तर ग्रॅम पीठ, सहा ग्रॅम खोबरेल, मोरचूद चिमटीहून कमी, तेही तोलून. खळ किती दाट झाली हे बोटाऐवजी नरसाळं सांगणार होतं: कोमट खळ नरसाळ्यात भरायची, खालच्या भोकावर धरलेलं बोट काढायचं आणि ती किती सेकंदांत रिकामी होते ते मोबाइलवर मोजायचं. बेचाळीस सेकंद म्हणजे बरोबर. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिपालीनं या मापानं खळ शिजवली आणि गल्लीत पांजण ताणली. मी सहा वाजता स्वेटर घालून हजर होते. वाळल्यावर मनकर्णाबाईंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत दहा-बारा ठिकाणी सूत ओठांवर घेतलं, आणि त्यात मोरचूद होतं म्हणून मी त्यांना लगेच नळावर ओठ धुवायला लावले. मागावर चढवल्यावर पहिल्या साडीत पाच धागे तुटले, दुसरीत तीन. दिपाली म्हणाली, “मॅडम, बसली बरं सासूबाई तराजूत.” हिंगण्याचा विषय तिनं त्यानंतर काढला नाही.

माझ्या डोक्यात हवा गेली. ते प्रमाण मी संगणकावर सुबक छापलं, वर ‘खळ: प्रमाणित फॉर्म्युलेशन’ असं ठळक लिहिलं, लॅमिनेट करून चुलीवरच्या भिंतीला लावलं. शिक्षकखोलीत सगळ्यांना गोष्ट ऐकवली, काहींना दोनदा. भूगोलाचे रविंद्र सर तर मला पाहिलं की वर्तमानपत्र उघडायला लागले.

एप्रिलच्या शेवटी प्रीतीताईंनी मोठी ऑर्डर दिली. लग्नसराईसाठी आठ साड्या, एकाच पोताच्या, मेअखेर पाहिजेत. शिवाय, जमलं तर वर्षभर दर महिन्याला घेऊ, असंही त्या म्हणाल्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दिपालीनं लांबलचक पांजण काढली. भिंतीवरचं माप, नरसाळं, बेचाळीस सेकंद, सगळं जसंच्या तसं.

तीन दिवसांनी तिचा फोन आला. “मॅडम, सूत कुरमुऱ्यासारखं तुटून राहिलं. मी काहीच बदललं नाही, आईची शपथ!”

मी भर दुपारी पोहोचले. पारा पंचेचाळिसावर होता, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मागाजवळ तुटलेल्या धाग्यांची जाळी झाली होती. मी वजनं तपासली, तेल तपासलं, पिठाचा डबा हुंगला. सगळं बरोबर. खळ सुतावर वाळून काचेसारखी ताठ झाली होती आणि मागाच्या फणीच्या प्रत्येक धक्क्याला तडकत होती. दिपाली भिंतीला टेकून बसली होती. पूर्ण पांजण वाया, ऑर्डरला सतरा दिवस.

मी मनकर्णाबाईंकडे वळले. “तुम्ही ओठाला लावून पाहिलं नव्हतं का?”

“पाह्यलं होतं.”

“मग?”

“टोचत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. “तुमी लिवलं होतं ना. पलास्टिकमदी. मले वाटलं, माहे बोटं गेले, तसा आता ओठ बी गेला. कागद कसा चुकन?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पन्नास वर्षं जिच्या बोटावर सगळी गल्ली चालली, त्या बाईनं आपल्या ओठाला खोटं पाडलं आणि माझ्या प्लास्टिकला खरं मानलं. उन्हाळ्यात हवा कोरडी होते, सुतातली ओल उडून जाते, आणि थंडीत ठरवलेलं प्रमाण मे महिन्यात चालणार नाही, हे मला कळायला नको होतं? फळ्यावर ‘कशासाठी’ हा पहिला प्रश्न मीच लिहिते. थंडीतल्या सुतासाठी की उन्हाळ्यातल्या, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही माझ्यावरच असल्यामुळे कुणावर काढता येईना. मी स्टुलावर चढून तो कागद ओढून काढला.

“उन्हाळ्यात तुम्ही काय करत होता?” मी स्टुलावरूनच विचारलं.

“काई नाही.”

“काहीच नाही कसं? आठवा.”

“हात करत होता वं, मी कुठं करत होती?” मग त्या विचारात पडल्या. “पीठ कमी पडे. तेलाचा हात सैल होये. आन् पांजण ऊन चढाच्या आंदी उचलून घेत होतो आमी. सासू म्हने, उन्हाळ्यात सुताले तहान लागते.”

सुताला तहान लागते. मी खाली उतरले आणि औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणलं. ग्लिसरीन हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून तर ते हिवाळ्यात ओठांना लावतात. हा घटक मनकर्णाबाईंच्या सासूच्या खळीत नव्हता, माझ्याही कागदात नव्हता. पुन्हा पातेली मांडली, पण या वेळी भर मे महिन्याच्या हवेत, त्याच घरात. पीठ पंचावन्नवर आलं, तेल नऊवर, ग्लिसरीन चार. नरसाळं एकतीस सेकंदांत रिकामं होऊ लागलं. सहाव्या लडीला मनकर्णाबाईंनी धागा ओठावरून हलूच दिला नाही. तसाच धरून बसल्या.

“टोचते?” दिपालीनं विचारलं.

“चूप वं. लागून राहिलं ते लागू दे.” मग धागा सोडून म्हणाल्या, “हे माह्याहून बरं झालं.”

दोन्ही माग सकाळ-संध्याकाळ चालले. दुपारी दारा-खिडक्यांना ओली पोती लावली. अंकुशनं ऑटो बाजूला ठेवून चार दिवस बायकोच्या हाताखाली काम केलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला मागाचा आवाज आवडला असं तो म्हणाला. बायकोला खूश करायला म्हणाला असेल. आठ साड्या जूनच्या दोन तारखेला गेल्या. प्रीतीताईंनी उशिराबद्दल तोंड वाकडं केलं, पोत पाहून सरळ केलं, आणि दर महिन्याची ऑर्डर पक्की केली.

भिंतीवर आता कागद नाही. मी एक लाकडी फळा लावून दिला आणि खडूचा डबा. थंडीचं माप, उन्हाळ्याचं माप, पुसता येईल असं. वर तेच माझे तीन प्रश्न लिहिले. आणि मनकर्णाबाईंना बजावून आले की ओठ आणि फळा यांचं भांडण झालं तर ओठाचं ऐकायचं आणि फळा पुसायचा.

त्यानंतर शाळा सुरू झाली, माझं जाणं कमी झालं. सप्टेंबरात एका संध्याकाळी गेले तर मनकर्णाबाई ओट्यावर तोंड फुगवून बसलेल्या. आत माग चालू होता.

“काय झालं?”

“दोन रोज झाले, मी बोलत नाही तिच्याशी.” मानेनंच आतली सून दाखवली. “प्रीतीबाईनं नवीन सूत धाडलं, भल्ला बारीक. हिनं खळ केली, पांजण केली, मागावर चढवली बी! मले इचारलं नाही. पन्नास वर्सं ह्या घरात माह्या बोटाशिवाय सुताले पानी लागलं नाही, आन् हे मले इचारत बी नाही?”

मी आत गेले. फळ्यावर दिपालीच्या अक्षरात तिसरं माप होतं: पीठ अठ्ठेचाळीस, तेल सात, ग्लिसरीन नाही. खाली लिहिलं होतं, ‘बारीक सूत. जास्त पीठ झालं तर चिकटते.’ तिनं माग न थांबवताच सांगितलं, “सात पातेली केली मॅडम. माह्याच ओठाले लावून पाह्यलं. पहिल्या चारात काई समजलं नाही, पाचव्याले समजलं. आई झोपल्या होत्या, त्याहिले काहून उठवू?”

“तुटतंय का?”

“सकाळपासून एक धागा.”

मी बाहेर येऊन मनकर्णाबाईंच्या शेजारी बसले. सांगितलं की तिनं मलाही विचारलं नाही. एका फोनचंसुद्धा काम पडलं नाही तिला. मला वाटलं होतं मी हसत सांगेन, पण सांगताना मलाच थोडं लागलं.

मनकर्णाबाई माझ्याकडे वळल्या. “तुमाले बी नाही?”

“नाही.”

“आन् तुटून नाही राहिलं?”

“सकाळपासून एक.”

आतला खटखट आवाज सलग चालला होता. त्यांनी तिकडे कान दिला, मग पदरानं डोळे पुसले आणि हसल्या. एकाच वेळी दोन्ही.

“मंग आता मी नसली तरी चालते वं मॅडम.”

“असलं बोलू नका संध्याकाळचं.”

“चालते म्हनलं. मराची घाई नाही मले.” त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दोन दिवसांचा अबोला टाकून दारातून आत ओरडल्या, “दिपाली, माग थांबव जरा. मॅडम आल्या, चहा मांड. आन् ते सूत दाखव मले, पाचव्याले तुले काय समजलं ते सांग.”